डायलिसिसचा हिशेब कोणाच्या वहीत?

समितीत सात जण होते. एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन. मानधन नव्हते, नावे गुप्त होती. काम एकच: मूत्रपिंडे निकामी झालेल्या कोणत्या माणसाला डायलिसिसची खाट द्यायची आणि कोणाला नाही, हे ठरवणे. ज्याला ‘नाही’ म्हटले तो बहुधा काही आठवड्यांत जात असे.

शहर होते अमेरिकेतले सिएटल, साल १९६२. दोनच वर्षांपूर्वी तिथल्या बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी टेफ्लॉनची एक छोटी वाकडी नळी तयार केली होती. तोवर डायलिसिसच्या प्रत्येक खेपेला रुग्णाची नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे, आणि अशा जागा थोड्याच खेपांत संपत. स्क्रिबनर यांची नळी हातात बसवून तशीच ठेवता येई. नळाला पाइप जोडावा तसे यंत्र जोडायचे, काम झाले की काढायचे. बघता बघता जिवावरचा आजार वर्षानुवर्षे सांभाळता येईल असा झाला. तेव्हापासून प्रश्न वैद्यकाचा राहिला नाही, पैशाचा झाला. एका रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च होता आणि खाटा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

डॉक्टर आधी वैद्यकीय चाळणी लावत. लहान मुले आणि पंचेचाळिशीपुढचे लोक तिथेच गळत. उरलेल्यांतून निवड या सात जणांची. ‘लाइफ’ मासिकाच्या शाना अलेक्झांडर यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये या समितीची हकीकत छापली, तेव्हा लोकांना कळले की तिथे उमेदवाराचे लग्न, मुले, उत्पन्न, शिक्षण, नोकरी आणि चर्चमधली हजेरीसुद्धा विचारात घेतली जाते. थोडक्यात, स्थळ बघावे तसे रुग्ण बघितले जात होते. पुढे १९६८ मध्ये एका मनोविकारतज्ज्ञाने आणि एका कायद्याच्या प्राध्यापकाने या पद्धतीवर टीका करताना टोमणा मारला की, लेखक हेन्री डेव्हिड थोरोची मूत्रपिंडे बिघडली असती तर या भागात त्याची धडगत नव्हती. एकटा, बिनलग्नाचा, तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा माणूस! कोणती समिती त्याला पास करणार?

अमेरिकेला ही समिती नकोशी झाली. नोव्हेंबर १९७१ मध्ये एका रुग्णाने संसदीय समितीपुढे यंत्र लावून घेऊन साक्ष दिली, आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाच्या डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला. तेव्हा असे रुग्ण सुमारे दहा हजार होते. आज ते काही लाखांत आहेत. सरकारी विम्याच्या लाभार्थ्यांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, खर्चातला वाटा मात्र त्याच्या सहा-सात पट. एका अवयवाला खजिना उघडला. हृदय, यकृत, कर्करोग यांनी काय घोडे मारले होते, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

ब्रिटनमध्ये समितीही नव्हती आणि असा कायदाही नव्हता. तिथे सगळे चिडीचूप चाले. राष्ट्रीय आरोग्य सेवेचे, म्हणजे एनएचएसचे, अंदाजपत्रक ठरलेले; यंत्रे मोजकी. मग गावातला डॉक्टर साठीच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतच नसे. ‘आता फारसे काही करता येणार नाही’ एवढेच सांगे. अर्थतज्ज्ञ हेन्री आरन आणि डॉक्टर विल्यम श्वार्त्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की ब्रिटनमध्ये डायलिसिस मिळण्याचे प्रमाण अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी होते. यातल्या कित्येकांना आपल्याला काही नाकारले गेले आहे, याचा पत्ताही लागला नसणार. सिएटलच्या समितीला निदान नकार ठरवावा तरी लागे.

याच ब्रिटनमध्ये एक वेगळी मोजपट्टी पुढे आली. यॉर्क विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन विल्यम्स यांनी १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात बायपास शस्त्रक्रियेवर लेख लिहिला आणि त्यात निरनिराळ्या उपचारांची एकाच मापाने तुलना केली. त्या मापाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्वाली’ म्हणतात. कल्पना साधी आहे. ठणठणीत प्रकृतीतले एक वर्ष म्हणजे १. मृत्यू म्हणजे ०. दुखणे, परावलंबन, काळजी जितकी जास्त, तितके वर्षाचे मोल १ पेक्षा कमी. हे मोल ठरवायचे कसे? एक रीत अशी की लोकांनाच विचारायचे: अमुक व्याधीसह दहा वर्षे जगायचे की निरोगी पण कमी वर्षे? किती वर्षे सोडून द्यायला तयार व्हाल? चार वर्षे सोडेन असे उत्तर आले, तर त्या व्याधीतले एक वर्ष ०.६ चे.

आता नुसते उदाहरणादाखल आकडे घेऊ. एका उपचाराने माणूस ०.६ च्या दर्जाची पाच वर्षे जगतो. हाती तीन क्वाली. खर्च पंधरा लाख. म्हणजे एका क्वालीला पाच लाख. दुसऱ्या बाजूला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. माणूस मरत नव्हताच, पण त्याचे दिवस ०.७ वरून ०.९ वर आले आणि पंधरा वर्षे तसेच राहिले, तर तिथेही तीनच क्वाली. खर्च पंधरा हजार धरला तर एका क्वालीला पाच हजार. विल्यम्स यांच्या कोष्टकात कृत्रिम खुबा बसवण्याचा खर्च एका क्वालीला ७५० पौंड होता, मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा ३,००० आणि रुग्णालयातल्या डायलिसिसचा १४,००० पौंड. ज्या यंत्रापायी अमेरिकेने कायदा केला, ते कोष्टकाच्या अगदी तळाशी बसले होते.

ही मोजपट्टी आंधळेपणाने लावली तर काय होते, ते अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने पाहिले. गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात कोणते उपचार घ्यायचे, याची उतरती यादी तिथे १९९० मध्ये संगणकाने काढली. त्या यादीत दाताला टोपी बसवणे हे गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या वर आले! गणित चुकले नव्हते. एका शस्त्रक्रियेच्या पैशात शंभराहून जास्त दात दुरुस्त होत होते आणि शंभर जणांच्या किरकोळ सुखाची बेरीज एका बाईच्या जिवापेक्षा भारी ठरत होती. लोकांनी आणि डॉक्टरांनी ती यादी मान्य केली नाही. ती हाताने फिरवावी लागली. बुडणारा माणूस डोळ्यांसमोर असेल तर त्याला काढायचेच, दोराची किंमत नंतर, या माणसाच्या वृत्तीला नीतिशास्त्राचे अभ्यासक अल्बर्ट जॉन्सन यांनी आधीच, १९८६ मध्ये, ‘बचावाचा नियम’ असे नाव दिले होते. अपंगांच्या संघटनांचा आक्षेप आणखी मुळाशी जाणारा होता. व्हीलचेअरवरच्या माणसाचे वर्ष ०.६ चे ठरवले, की त्याचा जीव वाचवण्याचे फळही कागदावर तेवढेच कमी भरते. १९९२ मध्ये केंद्र सरकारने ऑरेगनची योजना पहिल्यांदा फेटाळली ती याच मुद्द्यावर, आणि २०१० च्या आरोग्य कायद्यात अमेरिकेने सरकारी विम्याला क्वालीची मर्यादारेषा लावायलाच बंदी केली.

ब्रिटनने उलट वाट धरली. १९९९ मध्ये ‘नाइस’ ही संस्था उभी राहिली. नवे औषध एनएचएसने घ्यावे की नाही, हे ती सांगते, आणि वीसेक वर्षे तिची ढोबळ रेषा एका क्वालीला २० ते ३० हजार पौंड अशी राहिली. त्याच्या आत असेल तर घ्या, बाहेर असेल तर कंपनीशी घासाघीस करा. ही रेषा आली कुठून, याला सुरुवातीला फारसा आधार नव्हता, अंदाज होता. २०१५ मध्ये यॉर्कच्याच कार्ल क्लॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला. एनएचएस आज प्रत्यक्षात किती पैशांत एक क्वाली मिळवते? उत्तर आले, सुमारे १३ हजार पौंड. म्हणजे ३० हजारांचे नवे औषध घेतले, की त्याच पैशांत कुठल्या तरी वॉर्डातल्या, कुठल्या तरी दवाखान्यातल्या दोनाहून जास्त क्वाली हातच्या जातात. फरक इतकाच की औषध मिळालेला रुग्ण वर्तमानपत्रात दिसतो. गमावलेला कोण, ते कोणालाच सांगता येत नाही.

राजकारण्यांना दिसणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते, यात नवल नाही. नाइसने नाकारलेल्या औषधांसाठी ब्रिटनने २०१० नंतर वेगळा कर्करोग औषध निधी काढला. २०१६ पर्यंत त्यात सुमारे १२७ कोटी पौंड गेले. मग अजय अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याची झडती घेतली, तेव्हा निधीतल्या ४७ वापरांपैकी फक्त १८ बाबतींत रुग्ण जास्त जगतो असा नीट पुरावा सापडला. त्या अठरांतही वाढलेल्या आयुष्याचा मध्यक तीन महिन्यांच्या आसपास.

एवढ्यावरून वाटेल की हिशेबनीस नेहमी बरोबर आणि बाकीचे हळवे. थायलंडची गोष्ट ही समजूत ढिली करते.

थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्य योजना सुरू केली. एका भेटीला तीस बाट, म्हणून लोक तिला तीस बाटची योजनाच म्हणत. त्यात डायलिसिस नव्हते. एका क्वालीचा खर्च तिथल्या रेषेच्या कितीतरी पट होता आणि देश श्रीमंत नव्हता. नोंद घेण्यासारखी गोष्ट ही, की सरकारी नोकरांच्या आणि कारखान्यांतल्या कामगारांच्या वेगळ्या विमा योजनांत डायलिसिस मिळत होते. म्हणजे महाग होते ते फक्त शेतकऱ्याला आणि मजुराला द्यायला. किडनीचे रुग्ण संघटित झाले. जमिनी विकून उपचार करणाऱ्या कुटुंबांचे काय, असे विचारू लागले. तिथल्या आरोग्य अर्थशास्त्रज्ञांचे आकडे तेच होते: परवडत नाही. तरीही जानेवारी २००८ पासून सरकारने ते योजनेत घेतले.

घेताना मात्र एक अट घातली, आणि अक्कल तिथे दिसते. यंत्रावरच्या डायलिसिसऐवजी आधी पोटातले डायलिसिस. यात पोटाच्या आतले नैसर्गिक आवरणच गाळणीचे काम करते. एका बारीक नळीवाटे दोनेक लिटर द्रव पोटात सोडायचा, काही तास ठेवायचा, बाहेर काढून टाकायचा. दिवसातून साधारण चार वेळा, घरच्या घरी. यंत्र नको, तंत्रज्ञ नको, तालुक्याहून शहराची खेप नको. सरकारने द्रवाच्या पिशव्यांची घाऊक खरेदी करून भाव पाडून घेतला आणि त्या खेडोपाडी पोचवण्याचे काम दिले टपाल खात्याला. पोस्टमन पत्रांबरोबर डायलिसिस घेऊन येऊ लागला!

पुढचे प्रकरणही सांगायला हवे. २०२२ मध्ये ही अट काढून रुग्णांना मोकळी निवड दिली. लोक यंत्राकडे वळले, खर्च फुगला, यंत्रावरच्या रुग्णांच्या मृत्यूंबद्दल चिंता वाढली आणि २०२५ मध्ये पोटातल्या डायलिसिसला पुन्हा पहिला मान मिळाला. खर्च आणि फायदा तोलणे एकदा करून कपाटात ठेवायचे काम नव्हे, हे थायलंडला सोळा-सतरा वर्षांत कळले.

आता भारत. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पी भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस सेवा उभारण्याची घोषणा केली. त्यांनी दिलेले आकडे असे: दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण, त्यांच्यासाठी ३.४ कोटी जादा खेपा, एका खेपेला सुमारे २,००० रुपये, म्हणजे माणशी वर्षाला ३ लाखांहून जास्त. हे आकडे एकमेकांशी जुळतात. भागाकार केला तर माणशी वर्षाला दीडशेच्या वर खेपा येतात, आठवड्याला तीन. पण गुणाकार केला तर नुसत्या नव्या रुग्णांचे वर्षाचे ६,८०० कोटी होतात, आणि त्या वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची एकूण तरतूद होती सुमारे ३८ हजार कोटी. सहाव्या हिश्श्याहून जास्त! पुढच्या वर्षी हे रुग्ण तसेच, शिवाय आणखी नवे २.२ लाख. प्रत्यक्षात आपल्याकडे कित्येक जण आठवड्याला तीनऐवजी दोनच खेपा घेतात. तिसरी खेप वैद्यकीय सल्ल्याने कमी झालेली नसते.

त्याच भाषणात एक वाक्य असे होते, जे अर्थसंकल्पात सहसा ऐकू येत नाही. कुटुंबांना वारंवार लांबचा प्रवास करावा लागतो आणि मजुरी बुडते, याचा त्यात उल्लेख होता. मजुरी सरकारी वहीत कुठे मांडायची, हा या सगळ्या शास्त्रातला अवघड प्रश्न आहे. नाइससुद्धा मुख्य हिशेब एनएचएस आणि सरकारी सामाजिक सेवा यांच्या खिशापुरताच करते. मुलीने नोकरी सोडून वडिलांकडे बघितले, तर तो खर्च त्यात बसत नाही. जिल्ह्याच्या गावी डायलिसिस मोफत आहे, असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा एसटीचे तिकीट, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि बाहेरच्या मेडिकलमधून आणायची इंजेक्शने ‘मोफत’च्या बाहेर असतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सगळ्या रहिवाशांना खुली करण्याचा निर्णय घेतला, तरी तिकिटाचा रकाना त्यात नाहीच. मुंबईत सिद्धिविनायक न्यास किंवा लालबागच्या राजाचे मंडळ डायलिसिस केंद्र चालवते, ते या उरलेल्या जागेतच. ही केंद्रे मात्र मुंबईतच आहेत. मुंबईपासून दूर धारणीतल्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही.

कोष्टकाच्या दुसऱ्या टोकाचे, म्हणजे अतिशय स्वस्त आणि अतिशय गुणकारी उपचाराचे, जगभर सांगितले जाणारे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच शिकलेल्या बायकांना वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. खेड्यातली बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर बऱ्याच भुवया उंचावल्या होत्या. हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निबंधात खर्चही होता: एका बाळामागे ५.३ डॉलर, आणि दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला. म्हणजे एका मृत्यूला सुमारे ९५ डॉलर, त्या वेळचे चारएक हजार रुपये. महागाई धरून हा आकडा चौपट केला, तरी २०१६ मधल्या एका माणसाच्या वर्षभराच्या डायलिसिसच्या पैशांत अठरा बाळांचे मृत्यू टळतात. हे वाक्य लिहायला सोपे आहे. डायलिसिस कक्षाच्या दारात उभे राहून ते कोणी म्हणून दाखवावे.

गडचिरोलीचे हे प्रारूप २०११ मध्ये आशा सेविकांमार्फत देशभर गेले. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर सहा घरभेटी, घरी झाले असेल तर सात. शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. एका भेटीला छत्तीस ते बेचाळीस रुपये पडतात. पावसाळ्यात नाला ओलांडून दोनदा जावे लागले, तरी तेवढेच. कोष्टकात हा उपचार इतका स्वस्त दिसतो, त्याचे एक कारण विज्ञान आहे आणि दुसरे कारण हे बेचाळीस रुपये. २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानात आशा सेविका आठवडेच्या आठवडे बसून होत्या, त्या याच रकान्यासाठी. त्यांचे मानधन वाढले की ‘एका मृत्यूमागचा खर्च’ वाढणार आणि उपचार कागदावर थोडा कमी किफायतशीर दिसणार. तसा दिसला तर दिसू द्यावा. तोच खरा आकडा.

या दोन टोकांच्या मधली जागा फारशी गाजत नाही. मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मधुमेह आणि रक्तदाब ही मोठी कारणे आहेत. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या फळीत होते. पद्धत अगदीच साधी: प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येकाचा दाब मोजायचा, ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या मोजक्या गोळ्या द्यायच्या, महिना चुकवला की फोन करायचा. गोळी काही रुपयांची. यामुळे दहा वर्षांनी ज्याला डायलिसिस लागणार नाही तो माणूस कोण, हे त्यालाही कळणार नाही. त्यामुळे या उपक्रमासाठी संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला कोणी जाणार नाही.

सिएटलच्या त्याच व्यवस्थेपुढे १९६४ मध्ये एका शाळकरी मुलीचे प्रकरण आले होते. वयात बसत नाही म्हणून तिला नकार मिळाला. स्क्रिबनर यांच्याबरोबर काम करणारे अभियांत्रिकीचे प्राध्यापक अल्बर्ट बॅब यांच्या ओळखीतली ती मुलगी. बॅब यांचा मूळ विषय अणुअभियांत्रिकी. त्यांनी आणि त्यांच्या चमूने चारेक महिन्यांत घरात ठेवता येईल असे यंत्र बनवले. ते रात्री मुलगी झोपलेली असताना चाले आणि दिवसा ती शाळेत जाई. चार वर्षे ती त्यावर जगली. पुढच्या यंत्रांची रचना बरीचशी त्याच यंत्रावरून आली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले जवळपास चाळीस टक्के डायलिसिस घरी होऊ लागले. रुग्णालयापेक्षा ते बरेच स्वस्त पडे. घरी यंत्र जोडायला, नळ्या धुवायला आणि रात्री गजर वाजला की उठायला जे माणूस लागे, ते बहुतेक वेळा बायको किंवा आई असे. तिच्या रात्रींचा आकडा कोणत्याच कोष्टकात नव्हता.